ठकूच्या घरट्यातला गालिचा

४ मार्च

विहीणबाई, नमस्कार.

पत्र बघून दचकाल. फोनवर बोलले असते, पण तिथे आपल्या दोघींची मुलं कान लावून बसतात, आणि मला जे बोलायचंय ते त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही. शिवाय मला राग आला की फोनवर शब्द फुटत नाही, नुसती धाप लागते. कागदावर बरं असतं.

तर सरळच विचारते. तुम्ही किडे पाळता, हे खरं का?

लग्न ठरलं तेव्हा लेकीनं मला सांगितलं होतं, "सासूबाई संग्रहालयात असतात, वस्तू सांभाळतात." मी गल्लीभर तेच सांगत फिरले. परवा ती बोलता बोलता घसरली, "आई, आज त्यांना यायला उशीर आहे, किड्यांना खायला घालायचंय." मी म्हटलं, कोणाला? मग एकेक बाहेर आलं. मेलेले पशुपक्षी तुम्ही किड्यांच्या पेटीत ठेवता म्हणे, आणि ते किडे मांस खाऊन हाडं साफ करून देतात. अगं बाई! मला पुढचा घास गिळवेना.

आणि तुम्ही मला दिलेलं ते नाजूक सुईघर, जे मी इतके महिने शिंगाचं समजून गळ्यात अडकवून फिरत होते, ते हाडाचं आहे! तुमच्या किड्यांनी साफ केलेल्या हाडाचं!

हे सगळं मी पोटात घातलंही असतं. पण माझ्या कामाच्या खोलीत सध्या नाट्यगृहाचा मोठा गालिचा पसरलाय. जूनमध्ये नाट्यगृह नव्यानं उघडणार, तोवर तो रफू होऊन जायला हवा. असं काम रफूगाराला जन्मात एकदा मिळतं. सोमवारी मी त्याचा कोपरा उलटला तर लोकर गायब, खालचे ताण्याचे दोरे उघडे, आणि त्यात केसाळ अळ्या वळवळतायत. कसर लागली! माझ्या खोलीत! आयुष्यभर मी ज्यांच्याशी भांडले ते माझ्याच जमिनीवर पंगत मांडून बसलेत. हा गालिचा गेला तर माझं नाव गेलं. परत कोणी मला साधं पायपुसणंसुद्धा द्यायचं नाही.

ते कुठून आले हे मी वेगळं लिहायला नको. सुईघर मी अंगणातल्या कुंडीत पुरून टाकलंय. औषधवाला पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी पंप घेऊन येतोय.

राग मानू नका असं लिहिणार होते. पण माना.

तुमची विहीण


९ मार्च

विहीणबाई,

राग मानला. एक दिवस पुरला, मग उतरला. आता उत्तर लिहिते.

हो, मी किडे पाळते. सूनबाईंनी लपवलं ते माझ्याच सांगण्यावरून. लग्न जमेपर्यंत गप्प राहू असं ठरलं होतं, मग सांगायचं राहूनच गेलं. तिला रागवू नका.

पण ते काय करतात ते एकदा ऐकून तरी घ्या. गेल्या महिन्यात आमच्याकडे एक घुबड आलं. काचेच्या इमारतीवर आपटून गेलेलं. घुबडाची मान तुम्ही कधी आतून पाहिली नसेल. आपल्या मानेपेक्षा दुप्पट मणके, एकावर एक, आणि प्रत्येकाला बाजूनं बारीकसं भोक. माझ्या हातात कितीही चांगला चिमटा दिलात तरी त्या भोकातलं मांस मला हाड न दुखावता काढता येणार नाही. माझ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या ते काढतात. कुठे ओरखडा नाही. काम संपलं की त्या दूर होतात. इतकी वर्षं झाली, पेटीचं झाकण उघडताना मी अजून श्वास रोखते. वास म्हणाल तर येतो, नाही म्हणत नाही.

आता तुमचं सुईघर. ते माझ्या शेजारणीच्या म्हाताऱ्या बदकाचं हाड. बदक आपल्या मरणानं गेलं. हाड साफ झाल्यावर मी ते गोठवलं, धुतलं, वाळवलं, मग घासून गुळगुळीत केलं. त्यात खायला काहीसुद्धा नाही. माझी पोरं कोरड्या हाडाकडे ढुंकून बघत नाहीत.

औषधवाल्याला थांबवा. जुन्या रंगांवर त्या फवाऱ्याचे डाग पडले तर ते तुमच्यानंही झाकले जाणार नाहीत. आणि मूळ शोधल्याशिवाय मारलेत तर पुन्हा येतील. एक अळी आणि मोठा किडा सापडला तर तोही, बाटलीत घालून पाठवा. मोठे किडे खिडकीच्या काचेवर शोधा. त्यांना उजेड हवा असतो.

गालिच्याची मलाही काळजी वाटते. खरंच.

विहीण


१३ मार्च

विहीणबाई,

बाटली पाठवतेय. बूच मेणानं बंद केलंय. पोस्टातल्या माणसानं विचारलं, "आत काय?" मी म्हटलं, "विहीणबाईंसाठी भेट." त्यानं पुढे काही विचारलं नाही.

औषधवाल्याला आठवडाभर थांबायला सांगितलंय. फक्त आठवडा हं.

तुम्ही म्हणालात तसं काचेवर बघितलं आणि सापडले. मी तर त्यांना धुळीचे ठिपके समजत होते. भिंग लावून बघितलं, आणि आता तुम्हाला खोटं कशाला सांगू, मी बघतच बसले. मोहरीएवढा जीव, पण पाठीवर पांढरं, तपकिरी, पिवळसर असं काम केलंय की मी सुईनं करायला बसले तर डोळे जातील. माझ्या गालिच्याचा वैरी, आणि अंगावर स्वतःचा गालिचा घेऊन फिरतोय मेला! चहा तसाच निवला.

सगळ्यात जास्त आहेत त्या भिंतीकडच्या काचेवर, जिथे पूर्वी हवा बाहेर फेकणारा पंखा होता. पंखा मोडला तेव्हा काढून टाकला, भोक राहिलं. आता तिथे ठकू राहते. ठकू म्हणजे चिमणी. खरं तर दर वर्षी तीच असते की तिची लेक, कोण जाणे, पण माझ्यासाठी ठकूच. पोर सासरी गेल्यापासून दिवसभर माझ्याशी बडबडणारं दुसरं आहे कोण? रफू करून उरलेले लोकरीचे तुकडे मी तिच्यासाठी मुद्दाम खिडकीत ठेवते. लाल सगळ्यात आधी उचलते. तुकडा चोचीत धरून आधी माझ्याकडे बघणार, मग उडणार. ऐट बघावी!

असो. तुमच्या कामाचं विचारलं नव्हतं तरी तुम्ही एवढं लिहिलंत, म्हणून मीही लिहिलं.

विहीण


१८ मार्च

विहीणबाई,

बाटली पोचली. माझ्या पेटीतल्यांशी ताडून बघितलं. हे माझे नव्हेत. माझे लांबट, काळपट, पोटाशी पांढरे. तुमचे गोल, रंगीत, आणि यांना मांस नको, लोकर आणि पिसं हवीत. दोघे एकाच कुळातले, हे मात्र कबूल. आपल्यासारखेच दूरचे नातेवाईक म्हणा.

आता पुढचं लिहायला माझा हात धजत नाहीये, पण लिहायला हवं.

हे किडे सगळ्यात जास्त कुठे वाढतात माहीत आहे? पक्ष्यांच्या जुन्या घरट्यांत. तिथे पिसं असतात, ऊब असते. आणि तुमच्या ठकूच्या घरट्यात तर त्यावर वर्षानुवर्षं उत्तम लोकरही पडत आलीय. विहीणबाई, तुम्ही तिला तुकडे देत होतात आणि तिच्या घरात या मंडळींचं जेवण वाढलं जात होतं. तिथून भोकातून आत, आणि खाली उतरले की समोर गालिचा.

घरटं काढावं लागेल. त्यात अंडी किंवा पिल्लं नाहीत ना, तेवढं आधी बघा.

मला हे फोनवर सांगवलं नसतं.

विहीण


२१ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा तुमच्यावरच चिडले. म्हटलं, स्वतःचे किडे सुटले आणि आळ माझ्या ठकूवर! मग शिडी लावली.

पिल्लं आहेत. नुसती तोंडंच तोंडं, पिवळ्या कडांची. डोळेसुद्धा उघडले नाहीत. मी वाकून बघितलं तर त्यांना वाटलं आईच आली, माना ताणून माझ्याकडे मागायला लागली. आणि त्यांच्या खालीच, लोकरीत, त्या केसाळ अळ्या.

तुम्ही म्हणालात ते खरं आहे. मीच वाढून ठेवलं.

खाली उतरले आणि जमिनीवरच बसले. डोळ्यांतून पाणी यायचं थांबेना. एकीकडे गालिचा. रोज एक बोट तरी लोकर खाल्लेली दिसतेय. नाट्यगृहाचे व्यवस्थापक सोमवारी बघायला येणार. दुसरीकडे ती तोंडं. औषधवाला म्हणतो, "बाई, भोकात एक फवारा मारतो, दुपारपर्यंत सगळं साफ." सगळं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे.

काम सोडून द्यावं असंही मनात आलं. पण मग माझं काय उरलं? मला दुसरं येतं काय?

माझ्या ओळखीत एवढं किड्यांचं जाणणारं दुसरं कोणी नाही. कुंडीत सुईघर पुरलं तेव्हा काय काय बोलले ते तुम्ही ऐकलं नाहीत, ते बरं झालं. आता तुम्हीच सांगा काय करू.

तुमची विहीण


२४ मार्च

विहीणबाई,

रडू नका. दोन्ही वाचतील. हे पत्र माझ्या मुलाच्या हाती पाठवतेय, म्हणजे उद्याच पोचेल. त्यालाही कामाला लावा, चांगला दणकट आहे.

पहिलं म्हणजे भोक. ठकू बाहेरून येते, तुम्ही आतून बंद करा. घट्ट विणीचं सुती कापड घ्या, सुताला हे किडे तोंड लावत नाहीत. चारी बाजूंनी पट्टी ठोकून फट ठेवू नका. ती दाणे शोधायला गेली की हळूच काम उरका. पिल्लं आपली पंख फुटेपर्यंत राहू देत, पंधरवड्याचा तर प्रश्न आहे. ती उडाली की त्याच दिवशी घरटं उतरवायचं, नाहीतर बाईसाहेब लगेच दुसरी अंडी घालतील.

दुसरं म्हणजे गालिचा. त्याला थंडीत घालायचा. आम्ही संग्रहालयात असंच करतो. नीट झाडून गुंडाळा, वर प्लास्टिक, आतली हवा दाबून काढा, चिकटपट्टी लावा, आणि पंधरा-वीस दिवस कडक थंडीत. अंडीसुद्धा मरतात आणि रंगाला धक्का नाही. तुमच्या फ्रीजमध्ये तो मावणार नाही हे मला कळतं. पण तुमच्या गावात आइस्क्रीमवाला असेलच, आणि त्याची थंड खोलीही.

तिसरं, व्यवस्थापकांना खरं सांगा. कसर लपवली तर पुढे बोल तुम्हाला लागेल.

चौथं काही नाही. तुम्ही शिडीवरून उतरलात आणि औषधवाल्याला हो म्हणाला नाहीत, ते मी दोनदा वाचलं. मला तुमचा फार अभिमान वाटला.

विहीण


१६ एप्रिल

विहीणबाई,

उत्तराला उशीर झाला, पण काय काय घडलं म्हणून सांगू!

जावईबापू पत्र घेऊन आले आणि बाह्या सरसावून कामालाच लागले. मी म्हटलं, अहो जेवून घ्या, तर म्हणे, "आईनं सांगितलंय, आधी भोक." अगदी तुमचाच मुलगा. कापड ठोकताना ठकू खिडकीत येऊन अशा शिव्या देत होती की ऐकवेना.

आइस्क्रीमवाल्याला वाटलं मी चेष्टा करतेय. "गालिचा? माझ्या खोलीत? गिऱ्हाईकं काय म्हणतील?" मी म्हटलं, गिऱ्हाईकांना सांगणारच कोण? शेवटी त्याच्या लग्नातल्या कोटाचं भोक आयुष्यभर दिसणार नाही असं बुजवून देईन म्हटलं, तेव्हा विरघळला. मग तो गुंडाळलेला गालिचा चौघांच्या खांद्यावर निघाला. कोपऱ्यावरची म्हातारी घाबरून विचारते, "कोण गेलं हो?" जावईबापू म्हणाले, "कोणी नाही आजी, थंड हवा खायला नेतोय." हसून हसून माझ्या हातातली दोरी सुटली.

व्यवस्थापकांना सगळं सांगितलं. चिमणीसकट. ते चष्मा काढून पुसायला लागले. मला वाटलं, संपलं. मग म्हणाले, "दुसऱ्या कोणी सांगितलं नसतं. जूनपर्यंत करा."

पिल्लं उडाली. शेवटचं फार भित्रं होतं. दोन दिवस भोकाच्या कडेवर बसून नुसतं ओरडत होतं, आणि मी खाली गादी अंथरून बसलेली. गादीची गरजच पडली नाही. माझ्या अंगावरून असं सपकन गेलं की मीच आडवी झाले.

त्याच दुपारी घरटं उतरवलं. जाळवेना. दोन पिशव्यांत घट्ट बांधून तुमच्याकडे पाठवतेय. गालिचा परत आलाय, एकही जिवंत अळी नाही. नुसत्या काती निघाल्या झटकताना. थोडासा व्हॅनिलाचा वास येतोय, तो जाईल.

आणि कुंडी उकरली. सुईघराला काही झालं नव्हतं. मातीनं उलट छान पिवळसर छटा आलीय. पुन्हा गळ्यात आहे.

तुमची विहीण


२ मे

विहीणबाई,

पिशवी बघून आमचे साहेब दोन पावलं मागे सरकले. बरोबरच आहे, पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या घरात तुम्ही वाघच पाठवलात. आधी मीही घरट्याला थंडीत घातलं. काल उघडलं.

तुम्हाला काय सांगू? बाहेरून गबाळं आहे, काटक्या, दोरे, एक बसचं तिकीट. पण आतून उकलत गेले तर थर लागायला लागले. दर वर्षीची बैठक वेगळी. एकात सगळी लालबुंद लोकर. खालच्यात निळी, काळ्या कडेची. एकात हिरवी, इतकी गर्द की मी तसा हिरवा पुन्हा कुठे पाहिला नाही. आणि सगळ्यात तळाशी, पिसांखाली, पिवळी, लहान मुलांच्या स्वेटरला असते तशी मऊ. अळ्यांनी बरीच खाल्लीय, पण रंग आहेत. मी सहकाऱ्यांना बोलावलं. सगळे टेबलाभोवती गोळा झाले आणि एकेक थर मोजायला लागले.

हे घरटं काचेच्या कपाटात ठेवायचं ठरलंय, अर्धं कापून, थर दिसतील असं. शेजारी तुमचे ते रंगीत किडेही टोचून ठेवणार. प्रत्येक थर कुठल्या कामातला ते लिहून कळवाल का? आणि खाली पाटीवर तुमचा उल्लेख हवाय मला.

विहीण


७ मे

विहीणबाई,

लाल लोकर नाट्यगृहाच्याच गालिच्याची, नमुना म्हणून आधी आणलेल्या तुकड्याची. निळी एका डॉक्टरांच्या जिन्यावरची. हिरवी एका आजींच्या शालीची. त्यांच्या यजमानांनी दिलेली शाल, त्या रोज येऊन बघायच्या, झाली का म्हणून.

तळाची पिवळी कुठली ते मी वाचताक्षणी ओळखलं. ती तुमच्या सूनबाईंच्या पहिल्या स्वेटरची. लहान झाला म्हणून मी तो उसवला होता. ती लोकर मी वर्षानुवर्षं रफूला पुरवली, वाटलं होतं सगळी संपली.

उल्लेख कशाला हो? रफूगाराचं कधी नाव असतं का कुठे? दिसलं तर ते रफूच नव्हे. माझं काम चांगलं झालं याची खूण एवढीच की कोणी बघत नाही. त्याची मला सवय आहे. पाटीवर ठकूचं लिहा, तिनं केलंय.

विहीण


२० जून

विहीणबाई,

तुमच्याकडून निघून घरी सुखरूप पोचले. चार दिवस तुम्ही मला इतकं फिरवलंत की पाय अजून बोलतायत. तुमची पेटी बघताना मी नाक धरलं, तरी झाकण लावू नका असं मीच म्हणत होते ना? ते घुबड डोळ्यांसमोरून हलत नाही. एवढी मान, आणि कुठे एक ओरखडा नाही. तुमच्या पोरांना माझ्याकडून शाबासकी सांगा. माझ्या धंद्यातलीच म्हणायची ती. काम दिसतं, करणारा दिसत नाही.

नाट्यगृह उघडलं. व्यवस्थापक गालिच्यावर चार फेऱ्या मारून मला म्हणाले, "रफू कुठे आहे ते दाखवा तरी!" मी म्हटलं, शोधा. लोक त्यावरून चालत गेले आणि एकानंही खाली बघितलं नाही. मला फार बरं वाटलं.

पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. निघायच्या दिवशी तुम्ही चहा आणायला गेलात, तेव्हा मी एकटी संग्रहालयातल्या त्या घरट्याच्या कपाटापाशी गेले होते. तिथे एक छोटी मुलगी काचेला नाक लावून उभी होती. तिनं विचारलं, "आई, हे कोणी केलं?" आईनं पाटी वाचली. "घरटं, चिमणीचं. लोकर, एका रफूगार बाईंच्या हातची." मी सांगितलं होतं ना, लिहू नका म्हणून! तुम्ही कधी ऐकलंय का कुणाचं?

मुलगी म्हणाली, "कोण बाई?"

मी मागेच उभी. इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. पण तोंडातून निघालंच, "मी."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. गळ्यातलं सुईघर बघितलं. पटलं बहुतेक. मग म्हणाली, "आणि चिमणी?"

मी म्हटलं, "ती घरी आहे. दुसरं बांधतेय. या वेळी मी तिला नुसता काथ्या दिलाय, म्हणून रुसलीय."

तुमची विहीण